सत्याला पारपत्र कशाला हवे?

२९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील खैरलांजी येथे सुरेखा भोतमांगे, त्यांची कन्या प्रियंका आणि सुधीर व रोशन हे दोन पुत्र यांची गावातील जमावाने निर्घृण हत्या केली. ही घटना आज महाराष्ट्राला ठाऊक आहे, जगालाही ठाऊक आहे. परंतु ती ठाऊक व्हावयास किती दिवस लागले, याचा विसर मात्र सर्वांनाच सोयीस्करपणे पडलेला आहे. खैरलांजी हे काही अरण्यात हरवलेले गाव नव्हे. जिल्ह्याचे ठिकाण तेथून फार दूर नाही आणि अनेक दैनिकांच्या आवृत्त्या जेथून निघतात ते नागपूरही एका दिवसात जाऊन परतण्याच्या अंतरावर आहे. तालुक्यात वार्ताहर होते, पोलीस होते, लोकप्रतिनिधी होते. तरीही पहिल्या बातम्या आल्या त्या अनैतिक संबंधांतून घडलेल्या हत्येच्या थाटात. जमिनीचा तंटा, साक्ष दिल्याचा सूड आणि या साऱ्याच्या मुळाशी असलेला जातीचा अहंकार यांना त्या बातम्यांत स्थान नव्हते. एकटे वाचलेले भैयालाल भोतमांगे जे सांगत होते, ते छापण्याजोगे कोणास वाटले नाही.

सत्य बाहेर आले ते बाहेरच्या माणसांमुळे. नागपुराकडील आंबेडकरी कार्यकर्ते गावात गेले, त्यांनी विचारपूस केली, टिपणे काढली, छायाचित्रे लोकांपुढे ठेवली. मुंबईच्या एका इंग्रजी दैनिकात सविस्तर वृत्तांत प्रसिद्ध व्हावयास ऑक्टोबरची अखेर उजाडली. नोव्हेंबरमध्ये हजारो लोक रस्त्यांवर उतरले तेव्हा कोठे शासन जागे झाले; आणि जागे होताच तत्कालीन गृहमंत्र्यांनी पहिला संशय व्यक्त केला तो आंदोलनामागे नक्षलवाद्यांचा हात असल्याचा. त्या वेळी राज्यात भारतीय जनता पक्षाचे सरकार नव्हते, काँग्रेस व राष्ट्रवादी काँग्रेसचे होते, हेही येथे नमूद केले पाहिजे. सत्तेचा रंग बदलला तरी अप्रिय बातमीमागे बाहेरचा हात शोधण्याची सत्तेची खोड बदलत नाही.

या प्रसंगातून जो धडा निघतो तो भंडाऱ्यापुरता मर्यादित नाही. जवळची लेखणी जेव्हा गावच्या बलवंतांशी, जाहिरातदारांशी आणि ठाणेदाराशी बांधलेली असते, तेव्हा दुर्बलांना आधार असतो तो दूरच्या लेखणीचा. जी कोणाच्या पगारपत्रकावर नाही आणि कोणाच्या परवान्यावर चालत नाही, अशी लेखणी ही श्रीमंतांची चैन नसून गरिबांची गरज आहे. ही गोष्ट ध्यानी ठेवली म्हणजे परदेशात राहून लिहिणाऱ्या किंवा परदेशाचे पारपत्र बाळगून भारतात लिहिणाऱ्या मुक्त पत्रकाराचा प्रश्न भंडाऱ्याच्या धानउत्पादकापर्यंत कसा येऊन भिडतो, ते उमगू लागते.

भांडवलाला मुक्तद्वार, लेखणीला परवाना

मुक्त पत्रकार म्हणजे एका वृत्तपत्राच्या नोकरीत नसलेला, लेखामागे मोबदला घेणारा पत्रकार. परमुलुखात त्याचे जिणे वरून दिसते तितके मोहक नसते. घरभाडे तेथल्या चलनात द्यावे लागते, उत्पन्न मात्र संपादकाच्या मर्जीवर असते. लेख परत आला तर प्रवासाचा खर्चही अंगावर पडतो. आजारपणात रजा नाही, खटला झाला तर मागे उभा राहणारा वकील नाही, वृद्धापकाळी निवृत्तिवेतन नाही. नोकरदार पत्रकारामागे संस्था असते. याच्यामागे केवळ त्याचे नाव आणि हातातील व्हिसा. म्हणून ज्या सत्तेला त्याचे तोंड बंद करावयाचे असते, तिला तुरुंगाची आवश्यकताच भासत नाही. व्हिसाचे नूतनीकरण न करणे किंवा अर्जाला उत्तर न देणे एवढे पुरते.

भारत सरकारने नेमका हाच मार्ग पत्करला आहे. परदेशाचे नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसांसाठी आणि भारतीयांशी विवाह केलेल्या परकीयांसाठी ओसीआय या नावाने ओळखले जाणारे ओळखपत्र दिले जाते. नाव परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे असले तरी हे खरे नागरिकत्व नव्हे. पण आजन्म ये-जा करण्याची आणि वास्तव्याची मुभा त्यात आहे. ४ मार्च २०२१ रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने अधिसूचना काढली आणि या ओळखपत्रधारकांना ज्या कामांसाठी खास परवानगी घ्यावी लागेल त्यांची यादी दिली. संशोधन, धर्मप्रसार, गिर्यारोहण यांच्या पंक्तीला तेथे पत्रकारिताही बसविण्यात आली. त्याआधी २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने हे ओळखपत्र रद्द करण्याच्या कारणांची व्याप्ती वाढविलेलीच होती. सरकार अधिसूचित करील त्या कोणत्याही कायद्याचा भंग झाला तरी ओळखपत्र काढून घेता येईल, अशी ती तरतूद आहे.

याचा व्यावहारिक अर्थ पाहावा. समजा, तुमसर वा साकोली तालुक्यातील एखादा तरुण शिक्षणासाठी अमेरिकेस गेला, तेथेच स्थायिक झाला, तेथील नागरिक झाला. तो भारतात येऊन सदनिका विकत घेऊ शकतो, बँकेत ठेवी ठेवू शकतो, कारखान्यात पैसा गुंतवू शकतो, भागबाजारात सट्टाही खेळू शकतो. यांपैकी कशालाही गृह मंत्रालयाची पत्रकारितेसारखी पूर्वपरवानगी नको. मात्र आपल्याच गावी येऊन, वैनगंगेच्या काठी बसून, गोसेखुर्दच्या प्रकल्पग्रस्तांविषयी चार रकाने लिहून ते वृत्तपत्राला पाठवावयाचे म्हटले, की त्याने दिल्लीच्या दारात अर्ज घेऊन उभे राहिले पाहिजे!

भांडवलाविषयी मात्र हेच शासन किती उदार आहे! वृत्तपत्रांत २६ टक्क्यांपर्यंत परकीय भांडवल येऊ देण्याचा निर्णय २००२ साली झाला. २०१९ मध्ये डिजिटल वृत्तमाध्यमांनाही तीच मर्यादा लागू करण्यात आली. म्हणजे परकीय पैसा वृत्तपत्राचा भागीदार होऊ शकतो, परकीय पारपत्राचा बातमीदार मात्र संशयित ठरतो. राष्ट्राच्या सुरक्षिततेची सबब सांगितली जाते. पण संरक्षण-उत्पादनाच्या क्षेत्रात ७४ टक्क्यांपर्यंतच्या परकीय गुंतवणुकीला २०२० साली स्वयंचलित मार्गाने दार उघडले ते याच सरकारने. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ रोजी झालेल्या स्फोटात किमान आठ कामगारांचा बळी गेला. असे स्फोट का होतात, कामगाराच्या जिवाची किंमत कोण ठरवितो, हे विचारणाऱ्या बातमीदाराचे पारपत्र तपासण्याआधी त्याने विचारलेला प्रश्न तपासावा, अशी अपेक्षा भंडाऱ्याच्या कामगाराने केली तर त्यात गैर काय?

परवानगीचे हे शस्त्र केवळ कागदावर नाही. व्हनेसा दुन्याक ही फ्रेंच पत्रकार दोन दशकांहून अधिक काळ भारतात राहून फ्रेंच भाषेतील वृत्तपत्रांसाठी लिहीत होती. भारतीयाशी विवाह झाल्याने तिच्याजवळ ओसीआय ओळखपत्र होते. २०२२ मध्ये तिला पत्रकारितेची परवानगी नाकारण्यात आली. जानेवारी २०२४ मध्ये, फ्रान्सचे अध्यक्ष प्रजासत्ताकदिनाचे प्रमुख पाहुणे म्हणून दिल्लीत येण्याच्या सुमारास, ओळखपत्रच का रद्द करू नये अशी नोटीस तिला मिळाली आणि फेब्रुवारीत तिने देश सोडला. त्याच वर्षी जूनमध्ये सेबास्तियाँ फार्सिस हा तेरा वर्षे भारतात काम केलेला फ्रेंच नभोवाणीचा वार्ताहरही परवानगी न मिळाल्याने मायदेशी परतला. आतिश तासीर या लेखकाचे ओळखपत्र तर नोव्हेंबर २०१९ मध्येच रद्द झाले. पित्याच्या पाकिस्तानी मूळाची माहिती लपविल्याचे कारण सरकारने दिले. परंतु त्याच वर्षीच्या मे महिन्यात अमेरिकेतील एका साप्ताहिकात त्याने पंतप्रधानांवर टीकात्मक लेख लिहिला होता, हा योगायोग कोणाच्याही नजरेतून सुटला नाही.

आणि हे केवळ परकीय पारपत्रधारकांच्या बाबतीत घडते असेही नाही. मुंबईच्या पत्रकार राणा अय्यूब या भारतीय नागरिक आहेत. २९ मार्च २०२२ रोजी लंडनला निघालेल्या असताना त्यांना मुंबईच्या विमानतळावरच अडविण्यात आले. कारण सांगितले गेले ते अंमलबजावणी संचालनालयाच्या चौकशीचे. त्या आरोपांचा निवाडा न्यायालयात व्हावा, त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. परंतु पत्रकारांना होणाऱ्या छळाविषयी बोलावयास निघालेल्या पत्रकाराला विमानतळावर थोपवावे आणि आठवड्याभरात दिल्ली उच्च न्यायालयाने तिला जाऊ द्यावे, या क्रमातून जे दिसावयाचे ते दिसतेच. येणाऱ्याला आत घेऊ नये आणि जाणाऱ्याला बाहेर सोडू नये, अशी ही दुहेरी नाकेबंदी आहे.

इंग्रजाला इंग्लंड परदेश झाले

या धोरणाचे समर्थक म्हणतात की हा स्वाभिमानी राष्ट्राचा अधिकार आहे. त्यांनी हा अधिकार प्रथम कोणी वापरला ते आठवावे. 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक बेंजामिन गाय हॉर्निमन हे जन्माने इंग्रज. पण पंजाबातील दडपशाहीविरुद्ध त्यांनी जे लिहिले त्यामुळे एप्रिल १९१९ मध्ये मुंबई सरकारने त्यांना आजारपणातच जहाजावर चढवून हद्दपार केले. सुमारे सात वर्षे ते इंग्लंडमध्ये होते आणि त्या काळात त्यांना भारतात परतण्याचे पारपत्र नाकारले जात होते. स्वतःच्या मायभूमीत तो माणूस परदेशस्थ झाला होता! तेथे मजूर पक्षाच्या बाजूच्या वृत्तपत्रांतून आणि आपल्या पुस्तकातून त्यांनी अमृतसरचे हत्याकांड इंग्रज वाचकांपुढे मांडले. जानेवारी १९२६ मध्ये सरकारला चुकवून, सिलोनमार्गे, ते मद्रासला उतरले. पुढे मुंबईकरांनी एल्फिन्स्टन सर्कलला त्यांचे नाव दिले. आज त्या चौकातून ये-जा करणाऱ्यांपैकी कितीजणांच्या हे ध्यानी येते की हॉर्निमन यांचा गुन्हाही हाच होता: देशाची वाईट प्रतिमा जगापुढे उभी करणे? तेव्हा 'देश' म्हणजे साम्राज्य होते, एवढाच फरक.

दुसरा दाखला समाजवाद्यांना अधिक जवळचा आहे. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी पुकारली गेली आणि 'परकीय हाता'चा उच्चार हा सरकारी भाषणांचा नित्यपाठ झाला. सेन्सॉरच्या अटींवर सही करण्यास नकार देणाऱ्या ब्रिटिश व अमेरिकन वार्ताहरांना काही आठवड्यांतच देशाबाहेर घालविण्यात आले. देशातील बहुतेक मोठी वृत्तपत्रे वाकली. महाराष्ट्रात 'साधना'सारखी मोजकी पत्रे झगडत राहिली. त्या काळात तुरुंगातील हजारो माणसांची वार्ता जिवंत ठेवली ती लंडनहून येणाऱ्या नभोवाणीने आणि परदेशांतील वृत्तपत्रांनी. १० जून १९७६ रोजी जॉर्ज फर्नांडिस यांना कलकत्त्यात अटक झाली, तेव्हा त्यांच्या जिवाच्या सुरक्षिततेसाठी विली ब्रांट, ओलोफ पामे आणि ब्रुनो क्रायस्की या युरोपातील समाजवादी नेत्यांनी इंदिरा गांधींकडे रदबदली केली. ती करता आली, कारण अटकेची बातमी सीमेपलीकडे पोचली होती. समाजवादी चळवळीचा एक नेता परकीय हाताने वाचविला, असे म्हणावयाचे असेल तर खुशाल म्हणावे. त्यात लाजण्यासारखे काहीही नाही.

मात्र समाजवाद्यांनी स्वतःच्या इतिहासाचे नंतरचे पानही उलटून पाहिले पाहिजे. त्याच जॉर्ज फर्नांडिस यांच्या संरक्षणमंत्रिपदाच्या काळात, मार्च २००१ मध्ये, 'तहलका'ने शस्त्रखरेदीतील लाचखोरीचे चित्रण प्रसिद्ध केले. मंत्र्यांनी राजीनामा दिला आणि ऑक्टोबरमध्ये ते मंत्रिमंडळात परतले; पण बातमी देणाऱ्यांच्या आणि त्यांच्या गुंतवणूकदारांच्या मागे चौकशांचा ससेमिरा लागला. आणीबाणीत बेड्या घातलेल्या नेत्याचे सहकारी तेव्हा का गप्प बसले? वृत्तपत्रस्वातंत्र्य हे विरोधी बाकांवर असताना वापरावयाचे हत्यार आहे, सत्तेत गेल्यावर म्यान करावयाचे, अशी जर कार्यकर्त्यांची समजूत असेल तर आजच्या राज्यकर्त्यांना बोल लावण्याचा नैतिक अधिकार उरत नाही.

हक्क कोणाचा?

आता कायद्याच्या अंगाने येणारा आक्षेप विचारात घेऊ. संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदातील भाषणस्वातंत्र्य नागरिकांना आहे, परकीयांना नाही. मग परकीय पत्रकाराने कोणत्या हक्काची भाषा करावी? हा आक्षेप वरकरणी बिनतोड वाटतो. पण वृत्तपत्रस्वातंत्र्य हा लिहिणाऱ्याचाच हक्क आहे, हे त्यातले गृहीत चुकीचे आहे. तो वाचणाऱ्याचाही हक्क आहे. जानेवारी १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेश सरकार विरुद्ध राजनारायण या खटल्यात लोकांचा जाणून घेण्याचा हक्क भाषणस्वातंत्र्यातूनच निघतो, असे तत्त्व मांडले. हे राजनारायण म्हणजे समाजवादी पक्षाचे तेच लढाऊ नेते, ज्यांच्या निवडणूक अर्जाने पुढे इंदिरा गांधींचे आसन डळमळले. जाणून घेण्याच्या हक्काची ही मुळाक्षरे समाजवादी कार्यकर्त्याच्या फिर्यादीतून लिहिली गेली आहेत. तेव्हा प्रश्न फ्रेंच पत्रकाराला काय हक्क आहे हा नसून, तिने जे पाहिले ते जाणण्याचा भारतीय नागरिकाचा हक्क हिरावून घेण्याचा अधिकार गृह मंत्रालयाच्या कारकुनाला कोणी दिला, हा आहे.

प्रत्येक देश परकीय पत्रकारांसाठी व्हिसाचे नियम करतोच, असेही म्हटले जाते. करतो, आणि अमेरिकेसारखे देश ते अलीकडे अधिक कडक करू पाहत आहेत, हेही खरे. परंतु शेजाऱ्याचे पाप हे आपले पुण्य ठरत नाही. शिवाय दारात येणाऱ्याची ओळख विचारणे वेगळे आणि वीस वर्षे घरात नांदणाऱ्याला, त्याने घरातील भांडणाविषयी लिहिले म्हणून, कारण न देता बाहेर काढणे वेगळे. परवानगी नाकारताना लेखी कारण नाही, मुदतीत उत्तर देण्याचे बंधन नाही. असा अधिकार हा कायद्याचा नसून मर्जीचा आहे.

भाकरीचे स्वातंत्र्य

येथवरची चर्चा शासनाविषयी झाली. परंतु शासन बाजूला सारले तरी प्रश्न संपत नाही, कारण स्वातंत्र्याला आर्थिक पाया लागतो. परमुलुखी राहणाऱ्या मुक्त पत्रकाराचे सर्वांत थोर उदाहरण कार्यकर्त्यांच्या परिचयाचे आहे, पण त्या दृष्टीने त्याच्याकडे क्वचितच पाहिले जाते. कार्ल मार्क्स संपादक असलेले ऱ्हाइनलँडमधील वृत्तपत्र १८४३ मध्ये प्रशियन सरकारने बंद पाडले. पुढे त्याने प्रशियाचे नागरिकत्वही सोडले आणि १८४९ पासून तो लंडनमध्ये निर्वासिताचे जिणे जगला. १८५२ ते १८६२ या काळात न्यूयॉर्कच्या 'ट्रिब्यून' या पत्रात तो लेखामागे एक-दोन पौंडांच्या मोबदल्यावर लिहीत होता. संपादक काही लेख निनावी छापी, काही टोपलीत टाकी; मंदी आली की मोबदल्याला कात्री लागे. १८५३ मधील त्याचे भारतविषयक लेख याच पोटार्थी लेखनाचा भाग आहेत. ज्या इंग्लंडने पुढे १८७८ मध्ये भारतात देशी भाषांच्या वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा केला, त्या इंग्लंडनेही लंडनमधील या निर्वासिताला परक्या देशाच्या पत्रात इंग्रज राज्यावर टीका करण्यासाठी परवाना मागितला नाही. तरीही त्याचे स्वातंत्र्य अपुरे होते; पत्राचा मालक दुसरा होता.

हीच अपुरी अवस्था आज भंडाऱ्याच्या तालुक्या-तालुक्यांत आहे. तालुका वार्ताहराला पगार नाममात्र, बहुधा नाहीच. त्याचे उत्पन्न जाहिरातींच्या दलालीवर आणि पुरवण्यांसाठी ठरवून दिलेल्या रकमेवर. जाहिरात देणार कोण? रेतीघाटाचा ठेकेदार, राईसमिलचा मालक, शिक्षणसंस्थेचा चालक, नाहीतर वाढदिवसाचा आमदार. ज्याच्या दाराशी जाहिरातीसाठी जावयाचे, त्याच्याविरुद्ध बातमी देण्याचे धैर्य त्याने कोठून आणावे? गोसेखुर्द प्रकल्पाचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते झाले. ३७२ कोटींचा मूळ अंदाज पुढे अठरा हजार कोटींच्या वर गेला. हा पैसा कोठे जिरला याचा शोध घेण्यास ज्या वार्ताहराने निघावे, त्याच्या चरितार्थाची दोरी ठेकेदारीच्याच वर्तुळात अडकलेली असते. आणि जो ती तोडतो त्याचे काय होते, हे कोकणात दिसले. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूर येथे शशिकांत वारिशे या पत्रकाराला मोटारीखाली चिरडण्यात आले. तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या समर्थक जमीनदलालाविषयीची त्यांची बातमी त्याच सुमारास प्रसिद्ध झाली होती. त्यांना आश्रय घेण्यासाठी परदेश नव्हता.

या माणसाला कायद्याने काय दिले? १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याने वेतन मंडळाची सोय केली होती. मजिठिया मंडळाच्या शिफारशी २०११ मध्ये जाहीर झाल्या, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वैध ठरविल्या आणि मालकांनी त्या चुकविण्यासाठी पत्रकारांना कंत्राटावर आणले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि त्या जुन्या कायद्याबरोबर वेतन मंडळही इतिहासजमा झाले. नव्या व्याख्येत दूरचित्रवाणी व डिजिटल माध्यमांतील पत्रकार आले, हे मान्य केले पाहिजे. परंतु व्याख्येचा गाभा अजूनही नोकरी हाच आहे. जो कोणाच्याच नोकरीत नाही, तो मुक्त पत्रकार कालही कायद्याबाहेर होता, आजही आहे. विडी वळणाऱ्या स्त्रीला मालकाने 'तू माझी कामगार नाहीस' असे सांगून हक्क नाकारावेत, तोच हा प्रकार. घरखेपेने काम करणाऱ्या कामगारांसाठी लढलेल्या चळवळीला तो ओळखू येऊ नये, याचे नवल वाटते.

मूकनायकाची परंपरा

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले, तेव्हा त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास 'केसरी'ने नकार दिला होता. त्याच वर्षी जुलैमध्ये बाबासाहेब राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी लंडनला गेले. ते परदेशी असताना इकडे पत्राची परवड झाली आणि १९२३ पर्यंत ते बंद पडले. सरकारने ते बंद केले नाही. पैसा नव्हता, माणसे नव्हती आणि प्रतिष्ठितांच्या पत्रांची दारे बंद होती. वृत्तपत्रस्वातंत्र्याचा शत्रू केवळ शासन नसतो, मालकी आणि जातही असते, हे या एका प्रकरणावरून कळावे.

भंडाऱ्याशी या कथेचे आणखी एक नाते आहे. १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत या द्विसदस्यीय मतदारसंघाने समाजवादी नेते अशोक मेहता यांना विजयी केले आणि त्याच पोटनिवडणुकीत राखीव जागेवर बाबासाहेबांना पराभूत केले. समाजवाद्यांनी तो विजय मिरविला; तो पराभव का झाला याचा विचार पुरेसा केला नाही. बावन्न वर्षांनी याच जिल्ह्यात खैरलांजी घडले आणि पहिले काही आठवडे जे मौन पसरले, त्यात वृत्तपत्रांबरोबर डाव्या व समाजवादी पक्षांच्या स्थानिक शाखाही सामील होत्या. ज्याला दूरच्या पत्रकाराची गरज का असते असा प्रश्न पडतो, त्याने या मौनाकडे पाहावे.

म्हणून पक्षाने काही मागण्या निःसंदिग्धपणे मांडल्या पाहिजेत. २०२१ च्या अधिसूचनेतील परवानगीच्या यादीतून पत्रकारिता वगळली जावी. तोवर प्रत्येक नकाराला लेखी कारण, ठराविक मुदत आणि न्यायालयीन स्वरूपाचे अपील असावे. श्रमसंहितेतील पत्रकाराच्या व्याख्येत लेखामागे मोबदला घेणारा मुक्त पत्रकार व तालुका वार्ताहर यांचा समावेश करून त्यांना किमान मोबदला, विमा आणि निवृत्तिवेतन मिळावे. जुलै २०२५ मध्ये राज्य विधिमंडळाने संमत केलेल्या जनसुरक्षा विधेयकासारख्या मोघम शब्दांच्या कायद्यांना विरोध करताना पत्रकारांचा प्रश्न तळटीपेत न ढकलता ठरावाच्या पहिल्या परिच्छेदात यावा.

परंतु ठराव करून कार्यकर्त्यांची जबाबदारी संपत नाही. तालुका वार्ताहराकडे सभेचे वृत्त छापून आणणारा माणूस म्हणून पाहण्याची सवय सोडली पाहिजे. त्याने पक्षाविरुद्ध लिहिले तरी त्याच्यावर दबाव आला असता त्याच्या दाराशी उभे राहिले पाहिजे. गावात अत्याचार घडला तर बातमी येण्याची वाट न पाहता तेथे जाऊन, साक्षी टिपून, त्या जवळच्या-दूरच्या प्रत्येक स्वतंत्र लेखणीपर्यंत पोचविल्या पाहिजेत. ती लेखणी नागपुरात आहे की पॅरिसमध्ये, हे पाहू नये. भैयालाल भोतमांगे २० जानेवारी २०१७ रोजी नागपुरात वारले. चार मृत्यूंच्या प्रकरणात त्यांना अखेरपर्यंत हवा तसा न्याय मिळाला नाही. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा त्या खटल्यात लागूच झाला नाही. त्यांचे म्हणणे पहिल्याच दिवशी ऐकणारा, लिहून घेणारा आणि कोणाचीही परवानगी न विचारता छापावयास पाठविणारा एक पत्रकार मोहाडीत असता, तर पुढचे सारे कसे घडले असते, हा प्रश्न भंडारा जिल्ह्याने स्वतःला विचारला पाहिजे. आणि तसा पत्रकार उद्या मोहाडीत उभा राहिला, तर त्याच्या बाजूने उभे राहण्यास पक्षाचे किती कार्यकर्ते तयार आहेत, हा प्रश्न पक्षाने.